रस्त्याकडची चाकं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "सुधाताई, तुमच्या उद्योगावर लिहा. काहीतरी प्रेरणादायी." मी म्हटलं, "अहो, मी लोकांच्या गाड्यांची चाकं धुते." ते म्हणाले, "तेच. पण प्रेरणादायी." तेव्हा वाचकहो, या लेखात कुठे प्रेरणा सापडली तर खुशाल उचलून घ्या. माझ्या हाताला बावीस वर्षांत मुख्यतः काळंच लागलं आहे.

आमचं सासर संस्थानी. आजेसासरे महाराजांच्या काळात कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचा पगडीतला फोटो अजून आमच्या बैठकीत आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने अर्ज चुकीच्या नमुन्यात भरल्यासारखा तो त्याच्याकडे बघतो. अशा घरातल्या सुनेने सयाजीगंजच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड घ्यायची आणि चाकासमोर पाटावर बसायचं, हे सासूबाईंना पचायला जड गेलं. पण त्या हुशार होत्या. हळदीकुंकवाला कोणी विचारलं की सांगायच्या, "सूनबाई केमिकलमध्ये आहे." बडोद्यात हे वाक्य म्हटलं की समोरचा माणूस आदराने मान हलवतो आणि पुढचं विचारत नाही. शिवाय ते खोटंही नव्हतं.

सुरुवात आमच्याच गाडीपासून झाली. मी तेव्हा एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, रसायनशास्त्राची पदवी कपाटात होती. यांनी हौसेने अलॉयची चाकं बसवून घेतली आणि वर्षभरात त्यांवर तपकिरी-काळे ठिपके धरले. साबणाने जाईनात, रॉकेलने जाईनात. यांनी ती कुठूनतरी धुवून आणली, तर त्या बहाद्दराने अ‍ॅसिड मारून चाकांची चकाकीच घालवली. चाकं पांढरीफटक पडली. मला इतका राग आला की मी उन्हाळ्याची सुट्टी त्या चाकांपुढे काढली. शेवटचं चाक धुवून झालं तेव्हा शेजारचे दोघं स्वतःच्या गाड्या घेऊन फाटकाशी उभे होते.

आता ज्यांना वाटतं की चाक धुण्यात काय आहे, त्यांच्यासाठी थोडंसं शास्त्र. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरत असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात. गाडी थांबते, पण घासाघाशीत तबकडीचा आणि पॅडचा बारीक चुरा उडतो. तो निघतो तापलेला, बसतो तापलेल्या चाकावर, आणि तिथेच भाजून निघतो. वर दव पडलं, पाऊस पडला की त्या चुऱ्यातलं लोखंड गंजतं आणि चाकाच्या रंगात पाय रोवतं. कढईच्या बुडाला करपलेलं दूध ज्यांनी खरवडलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. आणि ते खरवडायचं नाही, हेही त्यांना माहीत असेल.

आमचं औषध फवारलं की ते लोखंड विरघळायला लागतं आणि पांढऱ्या पाण्यासारखं औषध जांभळं होतं, मग गडद लाल, आणि चाकावरून ओघळ वाहतात. त्याला कुजक्या लसणासारखा वास येतो. तो वास माझ्या साड्यांत इतका मुरला की यांनी डोळे मिटूनही मी कुठल्या खोलीत आहे ते सांगितलं असतं. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक ते ओघळ बघून हमखास दचकतं. एक जाडजूड शेठ तर ओरडलेच, "अरे बेन, आ तो लोही छे!" आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना लिंबूपाणी पाजून समजावलं की हे रक्त नाही, तुमच्या गाडीखाली कोणी आलेलं नाही, हे तुमचेच ब्रेक आहेत. जाताना त्यांनी चाकाला नमस्कार केला. का, ते मी विचारलं नाही.

दोन नियम मी कधी मोडले नाहीत. एक, चाक गरम असताना औषध लावायचं नाही. ते वाळतं आणि डाग कायमचा बसतो. म्हणून गाडी आली की वीस मिनिटं घड्याळ लावून चहा. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. दुसरा, आम्ही फक्त चाकं धुतो. पाटीवरच लिहिलं होतं. "बेन, अने बाकीनी गाडी?" असं कोणी विचारलं की मी सांगे, "ती घरी धुवा. चाकाला डॉक्टर लागतो."

या डॉक्टरला मदतनीस होते रमणभाई. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, अंगाने काडी. पहिल्या दिवसापासून आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती आणि ती गल्लीने ठरवली होती. गल्ली अरुंद. गाडी मोठ्या रस्त्याने आत यायची, भिंतीला चिकटून उभी राहायची, आणि काम झालं की पुढून निघून जायची. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये जी फट उरायची तिच्यात रमणभाई मावायचे, मी मावत नव्हते. तेव्हाही नव्हते, आता तर बोलायलाच नको. म्हणून रस्त्याकडची दोन चाकं माझी, भिंतीकडची दोन रमणभाईंची. बावीस वर्षं. ही वाटणी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, तिथेच सगळं चुकलं.

रोज तेच काम करणाऱ्या माणसाला त्यात काहीतरी दिसायला लागतं. मला चाकावरून चालवणारा दिसायला लागला. दाट, एकसारखा काळा थर म्हणजे गर्दीत रोज जाणारा, मांडवीच्या बाजारात दुकान असणार. थर पातळ पण डांबराचे ठिपके म्हणजे लांबच्या सरळ रस्त्याचा, बहुतेक बाजव्याकडे रिफायनरीत नोकरी. थराला निळसर झाक असेल तर गडी वेगात येऊन अखेरच्या क्षणी ब्रेकवर उभा राहतो. चहाच्या त्या वीस मिनिटांत मी हे बोलून दाखवायला लागले आणि दहातले सात-आठ अंदाज बरोबर यायला लागले. चुकलेले दोन-तीन मी विसरून जायचे. गिऱ्हाइकंही विसरायची. हळूहळू लोक चाकं धुवायला कमी आणि कुंडली ऐकायला जास्त येऊ लागले. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा तर एक बाई भावी जावयाची गाडी घेऊन आल्या. मुलगा घरी मुलगी बघायला आला होता, नाश्ता चालला होता, आणि बाईंनी "गाडी आडवी येतेय, जरा हलवून घेते" म्हणून किल्ली मागून घेतली होती. "बेन, जल्दी कहो ने, मुलगा कसा छे?" मी चाक बघितलं. निळसर झाक, खरवडलेली कड. म्हटलं, "उतावळा आहे. आणि फुटपाथला गाडी घासतो." बाईंनी नकार कळवून टाकला. आठवड्याने समजलं की गाडी मुलाच्या मेव्हण्याची होती, मुलाला गाडी चालवताच येत नव्हती. यावर मी आठ दिवस हसले. रमणभाई हसले नाहीत. "बेन, आ सारुं नथी," हे बरं नव्हे, एवढंच म्हणाले. तेव्हा तरी शहाणं व्हायला हवं होतं.

नानांची ओळख आता करून देते. नाना म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर, वय एकोणऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी मृदुला पुण्याला. कारेलीबागेत एकटे राहायचे. शर्टाची वरची गुंडी लावलेली, बोलणं अदबशीर. आयुष्यात एकच चैन केली, पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीला अलॉयची चाकं बसवली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती चाकं घेऊन ते माझ्याकडे यायचे आणि स्वतःचा कप घरून आणायचे, कारण आमचे कप त्यांना लहान वाटायचे.

त्या गाडीचं खरं काम गुरुवारी असायचं. नाना सकाळी निघायचे, गुडघे धरलेल्या शहाणेकाकांना घरून उचलायचे, मग मोतीबिंदूवाल्या पटेलकाकांना. तिघं मांडवीच्या बाजूला जाऊन सेव उसळ खायचे, मग कमाटीबागेत बाकावर बसून सरकार चालवायचे. पटेलकाका नानांना म्हणायचे, "तुं अमारो ड्रायव्हर, अमे मिनिस्टर." तिघांचा आठवडा त्या एका सकाळवर टांगलेला होता. नाना बाकीचे सहा दिवस गुरुवारबद्दल बोलायचे.

तर गेल्या वर्षी, सहाएक महिने, नानांचं पुढचं चाक जास्त जास्त काळं व्हायला लागलं. मागच्या चाकांचा प्रश्न नव्हता. त्या जुन्या गाडीला मागे बंद डब्यातले ब्रेक होते, त्यांचा चुरा बाहेर येतच नाही. पण माझ्या बाजूचं पुढचं चाक दर महिन्याला बघवत नव्हतं. थर इतका भाजलेला की औषधाचे तीन हात मारावे लागायचे. मी चिडवायचे, "काय नाना, पाय जरा हलका ठेवा! ब्रेकवर झोपता की काय?" नाना हसायचे, कपाच्या काठावरून बोट फिरवायचे, आणि म्हणायचे, "वय झालं सुधाताई." मला वाटायचं, ते विनोद करताहेत.

नवरात्रात मृदुला आली. एके दिवशी ती एकटीच नानांची गाडी घेऊन शेडवर आली. चहा घेतला आणि म्हणाली, "काकू, एक खासगी विचारायचंय. तुम्ही चाक बघून सगळं सांगता म्हणे."

"विचार की."

"बाबा कसे चालवतात हो? परवा स्टेशनवरून मला घेऊन आले तर गाडी सारखी उजवीकडे जात होती. एकदा तर समोरून बस आली तेव्हा मी डोळेच मिटले. विचारलं तर म्हणतात, काही नाही, काही नाही. मी पुण्यात रात्रंदिवस याच काळजीत असते."

माणसाने खरं उत्तर द्यावं असा तो प्रश्न होता. मी कार्यक्रम केला. उठले, उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी गेले, त्यावर बोट फिरवलं आणि काळंभोर बोट तिच्यासमोर धरलं. "हे बघ. नानांचा पाय ब्रेकवरून उठतच नाही. माणूस आतून घाबरला की असं होतं. खरं सांगू का मृदुला, गाडीवरचा हात गेला त्यांचा. आता गाडी नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला पाठीवर थोपटलं आणि मनात, लाज वाटते सांगायला, मनात म्हटलं, काय बरोबर ओळखलं! ती इतकी हलली होती की चाकं धुवायची राहिली. तशीच गाडी घेऊन गेली, आणि पुण्याला जाताना दोन्ही किल्ल्या पर्समध्ये घालून गेली.

पुढचं मला पटेलकाकांच्या सुनेकडून कळलं. पहिल्या गुरुवारी तिघांनी रिक्षा केली. शहाणेकाकांचा गुडघा रिक्षात वाकेना, अर्धे आत अर्धे बाहेर असे पाच मिनिटं अडकले आणि रडकुंडीला येऊन घरी परतले. दुसऱ्या गुरुवारी नाना आणि पटेलकाकाच गेले. तिसऱ्या गुरुवारी कोणीच गेलं नाही. ऐकून वाईट वाटलं, पण करणार काय, सुरक्षितता महत्त्वाची, असं मी यांना जेवताना मोठ्या समजूतदारपणे सांगितलं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी नाना आले. मृदुला परत आली होती, घरी करंज्या तळत होती. गाडी शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरने आणली, नाना त्याच्या शेजारी बसून. स्वतःच्या गाडीत त्या बाजूला बसलेले नाना मी पहिल्यांदाच पाहिले. मांडीवर तो त्यांचा मोठा कप होता.

"गाडी विकतोय," नाना उतरून म्हणाले. "गिऱ्हाईक उद्या येणार आहे. चाकं तेवढी चांगली करून द्या. घेणाऱ्याने नाव ठेवायला नको."

"बसा नाना, चहा टाकते."

"आज नको. मी इथेच उभा राहतो." आणि ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं बरोबर होतं सुधाताई. सहा महिने मलाही वाटत होतं. गाडी सरळ राहायचीच नाही, स्टिअरिंग सारखं डावीकडे धरून ठेवावं लागायचं. मी म्हणायचो, रस्ता खराब असेल. पण तुम्ही दर महिन्याला म्हणायचात आणि मग माझी खात्री झाली की हात गेला. माणसाला स्वतःचं कळत नाही. तुम्हाला चाकावरून कळलं."

काही सुचलं नाही की मी कामाला लागते. चहा नव्हता म्हणून घड्याळ लावायचं राहिलं, आणि मी सरळ पाट घेऊन पुढच्या चाकासमोर बसले. चाक तर स्वच्छ होतं. नुसती धूळ. बोट फिरवलं, बोटाला जेमतेम राखाडी रंग आला.

मी चक्रावले. नवरात्रात तर हे चाक कढईच्या बुडासारखं होतं आणि त्यानंतर कोणी धुतलेलं नव्हतं. मग लक्षात आलं की माझ्यासमोर गाडीची डावी बाजू आहे. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी गटारासाठी खोदलेलं होतं, म्हणून ड्रायव्हरने गाडी गल्लीच्या मागच्या टोकाने आणली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा गाडी उलटी उभी होती. भिंतीकडे उजवी बाजू, रस्त्याकडे डावी.

"रमणभाई," मी ओरडले, "तिकडचं चाक कसं आहे?"

"काळुं मेश," फटीतून आवाज आला. "आ बाजू असं केम?"

"नानांच्या गाडीचं तुमच्या वाट्याचं पुढचं चाक नेहमी कसं असायचं?"

"चोख्खुं. आ गाडीमां माझं काम पाच मिनिटांचं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

रमणभाईंनी फटीतून डोकं बाहेर काढलं. ते शांतपणे म्हणाले, "बेन, तमे पूछ्युं ज क्यां?"

वाचकहो, तुम्हालाही कळलं असेल, पण मला कळायला सहा महिने लागले. माणूस पायाने ब्रेक दाबतो तेव्हा तो पुढच्या दोन्ही चाकांना सारखाच लागतो. घाबरट असो की धीट, पाय एकच असतो. एकच चाक काळं होत असेल तर दोष पायात नाही, त्या चाकात आहे. पॅड तबकडीला धरून बसलाय, सोडतच नाही, रात्रंदिवस घासतोय. आणि गाडी ओढते कुणीकडे? ज्या बाजूचं चाक धरलंय त्या बाजूला. उजवीकडे.

"रमणभाई, त्या चाकावर पाणी शिंपडा."

त्यांनी ओंजळ टाकली आणि फटीतून चर्रर्र असा आवाज आला. मी इकडच्या चाकावर शिंपडलं, ते नुसतं ओघळलं. इतके महिने आम्ही वीस मिनिटांचा चहा पिऊन होईपर्यंत ते चाक निवायचं, म्हणून त्याचा ताप कधी हाताला लागला नव्हता. माझा सगळ्यात लाडका नियम माझ्याच डोळ्यांवर बसला होता.

आणि नाना ती गाडी घेऊन दर गुरुवारी दोन म्हाताऱ्यांना मांडवीपर्यंत नेत होते, अडकलेल्या ब्रेकसकट, हाताने सरळ धरून. हात गेलेल्या माणसाचं हे काम नाही. उलट एखाद्या दिवशी त्या चाकाने भलतंच काही केलं असतं, तर मी काय तोंड दाखवलं असतं?

मी पाटावरून उठले. नाना अजून टपावर हात ठेवून उभे होते. म्हटलं, "नाना, मी चुकले. तुमचा हात गेलेला नाही. उजव्या चाकाचा ब्रेक अडकलाय. मी अर्धीच गाडी बघत होते."

ते इंजिनियर होते. मी पुढचं सांगायच्या आत त्यांनी वाकून चाक बघितलं, वळसा घालून दुसरं बघितलं, आणि परत आले.

"म्हणजे मी नव्हतो?"

"तुम्ही नव्हता."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा पुसला. "सहा महिने मी स्वतःला शिव्या देत होतो हो," ते म्हणाले. मला भर रस्त्यात रडू फुटलं. रमणभाईंनी मुकाट्याने चहा टाकला आणि त्या दिवशी नानांनी आमच्या लहान कपातून दोन वेळा घेतला.

बाजूच्या गल्लीतल्या मेकॅनिकने चाक खोललं आणि म्हणाला, "अंकल, आ गाडी सीधी चलावी? तमने तो इनाम आपवुं जोईए." नानांनी हे वाक्य त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मृदुलाला फोन मी केला. पिठाच्या हातानेच रिक्षा करून ती आली, सगळं ऐकलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग काकू, बाबा नीट चालवतात?"

जुनी सवय जिभेच्या टोकावर आली होती. ती गिळली. "ते मला माहीत नाही, मृदुला. चाकालाही माहीत नाही. दुरुस्ती झाली की तू शेजारी बस आणि डोळे उघडे ठेवून बघ."

"तुम्हीही चला," नाना म्हणाले. "आता अंदाज नको. बसून सांगा."

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या गाडीत मागे बसले. इतकी वर्षं गाड्यांची चाकं धुतली, पण गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायची ती पहिलीच वेळ. मृदुला पुढे, पट्टा घट्ट आवळून. नानांनी आरसा नीट केला, वरची गुंडी चाचपली आणि निघाले. गाडी सरळ रेघेत चालत होती. कमाटीबागेपर्यंत मृदुलाने तीन वेळा श्वास सोडला, मी मोजले. मांडवीच्या अलीकडे डावीकडून एक स्कूटरवाला घुसला, नानांना तो जरा उशिरा दिसला. "बाबा!" ब्रेक लागला, गाडी जागच्या जागी थांबली, स्कूटरवाला काहीतरी बोलून गेला.

परत शेडशी आल्यावर नानांनी इंजिन बंद केलं. "हात ठीक आहे," ते स्वतःच म्हणाले. "डोळा डावीकडे थोडा कमी आहे. तेव्हा मांडवीची गर्दी आता बंद. कमाटीबागेपर्यंत आणि फक्त दिवसा." मग जरा थांबून, "सेव उसळ सयाजीगंजातही बरी मिळते."

मृदुलाने पर्समधून दुसरी किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. गिऱ्हाइकाला तिनेच फोन करून नाही सांगितलं. पटेलकाकांचं म्हणणं सयाजीगंजच्या सेव उसळीत दम नाही, पण गुरुवारी सगळ्यात आधी तयार होऊन तेच फाटकाशी उभे असतात.

मी कुंडली बंद केली. पाटीखाली रमणभाईंनी खडूने लिहिलं, "भविष्य बंद छे." बरीच गिऱ्हाइकं नाराज झाली. एका बाईंनी तर, निदान मुलगी कुठे दिली तर सुखात राहील तेवढं तरी सांगा, म्हणून हट्ट धरला. आता मी आठवड्यातून दोनच दिवस शेडवर जाते, बाकी सगळं रमणभाई बघतात.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मात्र मी ठरवून गेले. नाना आले. मोठ्या रस्त्याचं खोदकाम बुजलं होतं, गाडी नेहमीसारखी भिंतीला चिकटून उभी राहिली. चहा झाला, वीस मिनिटं झाली. रस्त्याकडचं पुढचं चाक मी नीट बघितलं. मग पदर खोचला आणि भिंतीकडच्या फटीत शिरले.

"बेन, रहेवा दो," रमणभाई म्हणाले.

"सुधाताई, अहो!" नाना म्हणाले.

पुढच्या दारापर्यंत गेले आणि अडकले. ना पुढे, ना मागे. एका बाजूला भिंत, एका बाजूला आरसा. नानांनी आरसा आत वळवला, रमणभाईंनी मागून ढकललं, आणि गल्लीतल्या वसतिगृहाच्या खिडक्यांतून जेवढी पोरं बघू शकत होती तेवढ्यांनी बघितलं. शेवटी कशीबशी वाकले, हात लांब केला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडच्या चाकावरून बोट फिरवलं. मग त्याच अवस्थेत दुसऱ्या हाताचं, रस्त्याकडच्या चाकावरून फिरवलेलं बोट त्याच्या शेजारी धरलं.

"काय दिसतंय?" नानांनी विचारलं.

दोन्ही बोटं सारखीच काळी होती.